वऱ्हाडांतील सिकलसेल रोग व त्याच्या इतिहासाचीं साधनें

गेल्या वर्षीं अचलपूरकडील एका संग्राहक गृहस्थांनीं एक वैद्यक पोथी आमच्याकडे पाहण्यासाठीं पाठविली. पोथी माधवनिदानाची असून त्रुटित आहे. कागद हातबनावटीचा, आणि अक्षर दीडशें-पावणेदोनशें वर्षांपूर्वींचें असावें असें दिसतें. पांडुरोगाच्या प्रकरणालगत समासांत निराळ्या हातानें कांहीं मुळ्यांचीं नांवें लिहिलीं असून, पांडु, सांधेदुखी व पानथरी हीं एकाच घरांत एकत्र आढळतात अशा अर्थाची टीप आहे. गृहस्थांचें म्हणणें असें कीं, ज्यास आज सिकलसेल म्हणतात त्या रोगाचा वऱ्हाडांतील हा पहिला लेखी पुरावा होय, आणि तो या त्रैमासिकांत प्रसिद्ध व्हावा. त्यांच्या नातवास हा रोग आहे. त्यामुळें त्यांची आस्था केवळ जुन्या कागदाची नव्हती. आम्हीं पोथी दोनदां वाचली. तो पुरावा आम्हांस मान्य करतां आला नाहीं. कां आला नाहीं, आणि कागदाचा पुरावा नसेल तर या रोगाचा इतिहास कशावरून लिहावा, हें सांगण्याकरितां प्रस्तुत लेख लिहीत आहों.

प्रथम रोगाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. रक्तांतील तांबड्या पेशी एरव्हीं वाटोळ्या, मध्यें दबलेल्या व लवचिक असतात. या रोगांत त्या प्राणवायु देऊन मोकळ्या झाल्या म्हणजे ताठर होतात व विळ्यासारख्या वांकतात. विळ्यास इंग्रजींत सिकल म्हणतात, त्यावरून रोगाचें नांव पडलें. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकून बसतात, आणि जेथें अडकतात तेथें हाडासांध्यांत असह्य वेदना उठतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. ही दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून अंग पांढुरकें व डोळे पिवळे होतात. लहानपणीं पानथरी वाढते, साधा तापहि मुलाच्या जिवावर बेततो. आई व बाप या दोघांकडून दोष आला तरच रोग होतो. एकाकडूनच आला तर मनुष्य नुसता वाहक राहतो व बहुधा त्यास जन्मभर कांहींहि होत नाहीं. दोघे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक, आणि वाहक होण्याचा चारांत दोन.

आतां समासांतील टीपेकडे वळूं. पांडु, कामला, प्लीहोदर हीं लक्षणांच्या समूहांचीं नांवें आहेत, एका कारणाचीं नव्हेत. मेळघाटच्या पायथ्याशीं ज्या मुलास दर पावसाळ्यानंतर हिंवताप येई, त्याचीहि पानथरी वाढे आणि तोहि पिवळा पडे. पोटांतील जंतांनींहि पांडुता येई. सांधेदुखीचीं कारणें तर सांगावयासच नकोत. लक्षणें एका घरांत एकत्र आढळणें हेंहि निर्णायक नव्हे, कारण एकाच ओसरीवर निजणाऱ्या भावंडांस डांसहि तेच चावतात. आमच्या मित्रांपैकीं एकानें येथें सुश्रुताचा आधार दिला. सुश्रुतानें सूत्रस्थानांत शुक्रशोणिताच्या दोषापासून होणाऱ्या व्याधींचा आदिबलप्रवृत्त असा वर्ग केला असून त्याचे मातृज व पितृज असे भेद सांगितले आहेत, हें खरें. परंतु तेथील उदाहरणें कुष्ठ व अर्श यांचीं आहेत. रोग वंशांत उतरूं शकतो ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. हाच रोग प्राचीनांस ठाऊक होता असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. आधुनिक नांव जुन्या ग्रंथावर चिकटविण्याची ही हौस अलीकडे फार वाढली आहे, आणि तिनें ग्रंथाचाहि मान वाढत नाहीं व शास्त्राचाहि नाहीं.

इंग्रजी अंमलांतील कागदांची गोष्ट थोडी निराळी आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखालीं आलें, आणि पुढें गांवोगांव जन्ममृत्यूंची नोंद ठेवण्याची पद्धति सुरू झाली. आमच्याकडे ज्यास कोतवाल-बुक म्हणतात तें हेंच. आज जातीच्या दाखल्यासाठीं त्याच्या नकला काढण्याकरितां कचेऱ्यांपुढें रांगा लागतात. पण जातीच्या रकान्याशेजारचा मृत्यूच्या कारणाचा रकाना कोणी वाचीत नाहीं. तेथें ‘ताप’ हा एकच शब्द पानोपानीं येतो. त्या तापांत हिंवताप किती, विषमज्वर किती आणि सिकलसेलनें दगावलेलीं तान्हीं मुलें किती, हें आतां ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. अमरावती जिल्ह्याचें गॅझेटियर १९११ सालीं व अकोल्याचें १९१० सालीं निघालें. दोहोंतहि या रोगाचें नांव नाहीं, आणि त्याबद्दल संपादकांस दोष देतां येत नाहीं. कारण अकोल्याचें गॅझेटियर छापलें गेलें त्याच वर्षीं शिकागो येथील वैद्य जेम्स हेरिक यांनीं ग्रेनाडा बेटांतून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्यांचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत हा रोग जगांत कोणासच वेगळा ओळखतां येत नव्हता.

पुढें चाळीस वर्षें हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रोग मानला गेला. हिंदुस्थानांत तो आहे हें १९५२ सालीं कळलें; लेहमान व कटबुश यांनीं निलगिरीच्या डोंगरी जमातींत वाहक आढळल्याचें जाहीर केलें, आणि त्याच वर्षीं आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतहि ते सांपडले. १९५६ सालीं सुकुमारन, संघवी व व्यास यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील कांहीं जमातींबद्दल लिहिलें. १९५८ सालीं नागपूरचे शुक्ला व सोळंकी यांचें मध्य हिंदुस्थानांतील वाहकांविषयींचें टिपण लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रांत आलें. आमच्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर या रोगाचा लेखी इतिहास त्या टिपणापासून सुरू होतो. म्हणजे सत्तर वर्षांहूनहि कमी.

परंतु या रोगाचा एक दस्तऐवज याहून कितीतरी जुना आहे. तो कोणत्याहि दफ्तरांत नाहीं. ज्यांस रोग आहे त्यांच्या, व त्याहून अधिक ज्यांस तो नाहीं अशा वाहकांच्या, रक्तांत आहे. हें आम्ही अलंकार म्हणून म्हणत नाहीं. प्रत्येक पेशींत मनुष्याच्या शरीराचा सर्व पाठ चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला असतो, आणि दर पिढीस त्याची नक्कल होते. ही लिपि तीन-तीन अक्षरांनीं वाचावयाची असते. प्रत्येक त्रिकानें एकेक अमिनो आम्ल दर्शविलें जातें, आणि तीं आम्लें मण्यांसारखीं ओंवून प्रथिन तयार होतें. ऋद्धपूरच्या महानुभाव पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस याचें नवल वाटूं नये. सकळ लिपींत एका अक्षराच्या जागीं दुसरें येतें; किल्ली हातीं नसेल तर सर्व अर्थहीन वाटतें, आणि किल्ली मिळतांच मराठी वाक्यें वाहूं लागतात. रक्ताच्या लिपीची किल्ली १९६१ ते १९६६ या पांच-सहा वर्षांत उलगडली. त्या कामाबद्दल निरेनबर्ग, होली व आपल्या पंजाबांत जन्मलेले हरगोविंद खुराना यांस १९६८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आमच्या रोगाचा दोष ज्या जनुकांत आहे तें अकराव्या गुणसूत्रावर असून हिमोग्लोबिनाच्या बीटा नांवाच्या साखळीचा पाठ त्यांत आहे. पाठ ४४४ अक्षरांचा. पैकीं विसाव्या स्थानीं ‘ए’ ऐवजीं ‘टी’ पडला आहे. त्यामुळें ‘जी-ए-जी’ हें त्रिक ‘जी-टी-जी’ झालें, आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलिन आलें. साखळींत एकंदर १४६ मणी, त्यांतील हा सहावा. कोणी यास सातवा म्हणतात. आरंभींचा एक मणी तयार होतांच छाटला जातो, तो धरावा कीं सोडावा एवढाच हा वाद आहे, आणि मुखपृष्ठ धरून पानें मोजावीं कीं सोडून, हा वाद घालणाऱ्या आम्हां यादीकारांस तो परिचयाचा वाटेल. रक्ताच्या प्रथिनांतच दोष आहे हें लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९४९ सालीं दाखविलें. तो दोष एका मण्याचा आहे हें केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं १९५७ सालीं निश्चित केलें. किल्ली सांपडण्यापूर्वींच, नुसतें प्रथिन तोडून व त्याचे तुकडे एकमेकांशीं ताडून, त्यांनीं चूक धरली. पाठशोधनाचा असा नमुना विरळा.

एका अक्षरानें एवढा अनर्थ कां व्हावा, हें थोडें उलगडून सांगणें अवश्य आहे, कारण वंशगत रोगांपैकीं पुष्कळांचें मूळ येथें आहे. मण्यांची माळ सरळ राहत नाहीं. ती स्वतःवरच घडी घालून एक ठराविक आकार घेते, आणि त्या आकारावरच तिचें काम अवलंबून असतें. तेलकट मणी घडीच्या आंत दडतात, पाण्याशीं सलोखा असणारे बाहेर राहतात, आणि या वांटणीनेंच घडी बसून राहते. ती फार पक्की नसते. पागोट्याच्या फेट्याप्रमाणें एक पीळ सैल झाला तर सर्वच उलगडण्याचा धोका असतो. आंतला मणी बदलला म्हणजे बहुधा असेंच होतें. हिमोग्लोबिनाच्याच बीटा साखळींत ९८ व्या ठिकाणीं व्हॅलिनच्या जागीं मेथिओनिन आलें तर प्रथिन अस्थिर होऊन पेशींत त्याच्या गुठळ्या पडतात. जर्मनींतील कोलोन शहराचें नांव त्या प्रकारास दिलें आहे. सिकलसेलची चूक याहून वेगळी. ती घडीच्या बाहेरील अंगावर आहे. घडी मोडत नाहीं. पण जेथें पाण्याशीं सलोखा राखणारा मणी हवा तेथें तेलकट मणी उघडा पडतो. प्राणवायु सोडल्यावर शेजारच्या प्रथिनाच्या अंगांत एक खोबण उघडते आणि हा मणी तींत नेमका बसतो. एकास दुसरें, दुसऱ्यास तिसरें असें चिकटत जाऊन चौदा पदरांचे लांबच लांब दोर वळले जातात. पेशीस विळ्याचा आकार देणारे ते हेच. तरी हें प्रथिन अगदीं निर्दोष घडीचें आहे असेंहि नाहीं; प्राणवायुयुक्त स्थितींत जोरानें घुसळलें असतां तें निरोगी प्रथिनापेक्षां पुष्कळ लवकर साकळून खालीं बसतें, असें प्रयोगांत दिसून आलें आहे.

येथवर वैद्यकाचें झालें. आमचें काम यापुढें सुरू होतें. चूक एक आहे. पण ती एकदांच झाली कीं अनेकदां? हा प्रश्न हस्तलिखितांच्या अभ्यासकास रोजचा आहे. दोन पोथ्यांत एकच अपपाठ आढळला म्हणजे त्या एका मातृकेच्या असाव्या असें आपण म्हणतों. परंतु कांहीं चुका अशा असतात कीं, दोन लेखकूंचा हात त्याच जागीं स्वतंत्रपणें घसरूं शकतो. तेव्हां केवळ चुकीवर न थांबतां तिच्या आसपासचीं निरुपद्रवी वैशिष्ट्यें, म्हणजे ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, लेखनाच्या लकबी, हींहि ताडून पाहावीं लागतात. डॉ. सुखटणकरांनीं १९३३ सालीं पूर्ण केलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीच्या प्रस्तावनेंत प्रतींचीं कुळें लावतांना जी दक्षता घेतली आहे तीच येथें लागते. जनुकाच्या आगेंमागें अशीं निरुपद्रवी पाठांतरें असतात व तीं चुकीबरोबर गटानें पुढील नकलेंत उतरतात. तीं ताडतां सिकलसेलचीं पांच मुख्य कुळें निघालीं. चार आफ्रिकेंतील, आणि पांचवें पूर्व अरबस्तानांतील कतीफ व अल्-अहसा या मरूद्यानांत आणि हिंदुस्थानांत. यास अरबी-हिंदी कूळ म्हणतात. कुलोझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८६ सालीं या आधारावर असा निर्णय दिला कीं, आशियांतील ही चूक आफ्रिकेंतील चुकीहून स्वतंत्र आहे. विसाव्या अक्षरावर दोन लेखकूंचा हात निरनिराळ्या वेळीं घसरला. २०१८ सालीं एका संशोधनांत सर्व आफ्रिकी कुळांचें मूळ सुमारें ७,३०० वर्षांपूर्वींच्या एकाच चुकींत आहे असें प्रतिपादन झालें असून कुळांच्या संख्येचा वाद त्यामुळें पुन्हां उघडला आहे. तथापि आमच्याकडील पाठ शेजारच्या वैशिष्ट्यांनीं वेगळा पडतो, ही गोष्ट त्यानें बदलत नाहीं.

हें इतक्या विस्तारानें लिहिण्याचें कारण असें कीं, आमच्यांतील कांहीं अभ्यासकांनीं या रोगाचा संबंध हबश्यांशीं जोडला आहे. दख्खनच्या राजकारणांत हबशी सरदार होते, मलिक अंबरासारखा पुरुष त्यांत निपजला, जंजिऱ्याचे सिद्दी तर सर्वश्रुतच आहेत. तेव्हां वऱ्हाडांतला हा आफ्रिकी रोग त्यांच्याच रक्तानें आला असावा, असा हा तर्क. तर्क वरवर सोईचा आहे, पण पाठ त्यास साक्ष देत नाहीं. हबश्यांनीं आणला असता तर येथील वाहकांत आफ्रिकी कुळाचीं वैशिष्ट्यें प्रामुख्यानें दिसावयास हवीं होतीं. दिसतात तीं अरबी-हिंदी कुळाचीं. शिवाय दरबारी सरदारांचें रक्त धारणीच्या कोरकू पाड्यांवर व भामरागडच्या माडियांत पोंचावें आणि शहरांतील सरदारघराण्यांत राहूं नये, हें मुळांतच चमत्कारिक आहे. याच्या उलट टोकाचें मत स्वतः लेहमान यांनीं १९५४ सालीं मांडलें होतें; चूक आशियांतून आफ्रिकेंत गेली असें त्यांस वाटे. दोन्ही मतांत एकच गृहीत होतें, तें म्हणजे चूक एकदांच झाली.

मग ती टिकली कां? ज्या अपपाठानें वाचक मरतो तो पाठ पुढच्या प्रतींत उतरूं नये, हा सामान्य नियम. याचें उत्तर मेळघाटच्या हवेंत आहे. अॅलिसन यांनीं १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंत दाखवून दिलें कीं, वाहकास प्राणघातक हिंवताप सहसा होत नाहीं. दोन्ही बाजूंनीं दोष आलेलें मूल रोगानें दगावे. एकहि बाजूचा दोष नसलेलें हिंवतापानें दगावे. वाहक जगे व संतति मागें ठेवी. जे. बी. एस. हाल्डेन यांनीं असा तर्क दुसऱ्या एका रक्तरोगाविषयीं पूर्वींच केला होता. हे गृहस्थ पुढें हिंदुस्थानांत येऊन राहिले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. गाविलगड व नरनाळा या किल्ल्यांच्या डोंगररांगेखालीं हिंवतापाचें जें राज्य होतें तें इमादशाहीहून, यादवांहूनहि जुनें होय. वेलस्लीनें १८०३ च्या डिसेंबरांत गाविलगड घेतला हें आपण तारीखवार लिहितों. पण त्या डोंगरांत कोणीं वस्ती करावी व कोणाचीं मुलें जगावीं हें शेंकडों वर्षें ठरविलें तें डांसानें. डांसाचें हें कर्तृत्व रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस सिद्ध केलें, म्हणजे निजामाच्याच मुलुखांत. वऱ्हाडहि तेव्हां कागदोपत्रीं त्याचेंच होतें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे रोगाच्या नकाशाचा अर्थ लागतो. कोरकूंची भाषा मुंडा कुळांतली, गोंड व कोलामांची द्राविडी, भिल्लांची आर्य. तिन्ही भाषाकुळांतील जमातींत ही चूक आहे, म्हणून ती कोणा एका भाषेबरोबर आली असें म्हणतां येत नाहीं. काटे व लिंगोजवार यांनीं २००२ सालीं महाराष्ट्राचा जो आढावा प्रसिद्ध केला त्यांत निरनिराळ्या जमातींत वाहकांचें प्रमाण शेंकडा शून्यापासून पस्तिसापर्यंत आढळलें. भिल्ल, पावरा, माडिया, परधान व ओटकर यांत तें विसाहूनहि अधिक आहे. विदर्भाच्या मैदानी भागांत आदिवासींखेरीज इतर अनेक समाजांतहि रोग आहे. जेथें हिंवताप तेथें चूक टिकली, आणि जेथें सोयरिकी एकाच वर्तुळांत झाल्या तेथें ती दाटली. यापलीकडे जातीचा येथें कांहीं अर्थ नाहीं.

या बाबतींत एक सोबतीण चूक सांगण्यासारखी आहे, आणि प्रथिनाचें स्थैर्य म्हणजे काय तें तिच्यावरून अधिक स्पष्ट होतें. तांबड्या पेशींत जी-६-पीडी नांवाचें एक विकर असतें. तें पेशीस जळण्यापासून राखतें. या विकराची घडी सैल झाली तर तें लवकर मोडतें. इतर पेशी मोडलेल्याच्या जागीं नवें करतात. तांबड्या पेशींत केंद्र नसल्यामुळें तिला जन्माच्या वेळीं मिळालेल्या शिदोरीवरच सर्व दिवस काढावे लागतात. म्हणून विकर अस्थिर असेल तर जुन्या पेशी आधीं निराधार होतात. एरव्हीं मनुष्य धडधाकट असतो, पण हिंवतापावरील प्रायमाक्विन हें औषध दिलें कीं पेशी भराभर फुटतात. ही चूक मातेकडून पुत्राकडे जाते, आणि तीहि हिंवतापाच्या मुलुखांतच टिकून राहिली. हिचा एक प्रकार १९८४ सालीं मुंबईजवळील कल्याणच्या एका कोळी कुटुंबांत सांपडला, म्हणून त्यास कल्याण असें नांव मिळालें. दुसरा एक केरळच्या नांवानें नोंदला गेला होता. पुढें मूळ अक्षरें वाचलीं तेव्हां दोन्ही एकच निघाले, ३१७ व्या मण्याचे. एकच ग्रंथ दोन संग्रहांत दोन नांवांनीं नोंदलेला आपल्याहि यादींत कितीदां निघतो! आतां त्यास केरळ-कल्याण असें जोडनांव आहे.

अरबी-हिंदी कुळाच्या शेजारच्या पाठांतरांत एक उपकारक गोष्ट आहे. गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन, ज्यांत बीटा साखळी नसते, तें या कुळाच्या रोग्यांत जन्मानंतरहि बरेंच राहतें व दोर वळूं देत नाहीं. यावरून आमच्याकडील रोग सौम्य असतो असा एक समज पसरला. नागपूरच्या वैद्यांचा अनुभव त्यास अनुकूल नाहीं; दक्षिण गुजरातेंतील आदिवासींपेक्षां विदर्भांतील मुलांत रोग पुष्कळ तीव्र आढळतो. गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन वाढविणारें हायड्रॉक्सियुरिया हें औषध दर किलो वजनास १० मिलिग्रॅम या अल्प मात्रेंत दिल्यास अशा मुलांच्या वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात, हें नागपूर येथील चाचणींत दिसून आलें व तें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथून केंद्र सरकारनें या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. ७ कोटि लोकांची तपासणी व २०४७ ही मुदत असा तिचा संकल्प आहे. २०१६ च्या कायद्यानें हा रोग अपंगत्वाच्या यादींत आला, त्यासहि आतां बरींच वर्षें लोटलीं.

तपासणी वाढली तशी एक गोष्ट आमच्या टेबलापर्यंत आली आहे, तिचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं एका घराण्याची वंशावळ छापण्यासाठीं आमच्याकडे आली. तींत कांहीं शाखांपुढें लाल शाईनें खुणा होत्या. विचारतां कळलें कीं, त्या शाखांत सिकलसेल निघाला असून पुढील सोयरिकी ठरवितांना सावध राहतां यावें म्हणून खुणा छापावयाच्या आहेत. खुणा बहुतेक सुनांच्या नांवापुढें होत्या. आम्हीं त्या छापण्यास नकार दिला, व कारणहि लेखी कळविलें. नातवास रोग आहे याचा अर्थ दोष दोन्ही घरांतून आला. सुनेपुढें खूण करणारानें तशीच खूण स्वतःच्या मुलापुढें करावयास हवी होती, आणि तो दोष मुलास ज्यांच्याकडून आला त्या मातापित्यांपैकींहि एकापुढें. शिवाय ज्या शाखांची तपासणीच झाली नाहीं त्या निष्कलंक दिसत होत्या. वधूवरांनीं विवाहापूर्वीं आपलें रक्त तपासून घ्यावें, यास एक थेंब पुरतो. त्यासाठीं मेलेल्या माणसांस छापील डाग लावण्याचें प्रयोजन नाहीं. वंशावळ हें साधन कोण कोणाचा पुत्र हें सांगतें. कोणाच्या रक्तांत कोणतें अक्षर होतें हें तिला माहीत नसतें, आणि जें साधनास माहीत नाहीं तें त्याच्याकडून वदवूं नये, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा आहे.

अचलपूरच्या गृहस्थांस आम्हीं हें सर्व पत्रानें कळविलें. त्यांचें उत्तर आलें, त्यांत निराशा होती, पण राग नव्हता. आमच्या पोथीपेक्षां माझ्या नातवाच्या अंगांतली पोथी जुनी म्हणतां तर तसें असो, असें त्यांनीं लिहिलें आहे. मुलास औषध सुरू आहे, आणि तें या वर्षीं शाळेंत नियमानें जातें. माधवनिदानाची प्रत आम्हीं गेल्या महिन्यांत परत केली. आमच्या यादींत तिची नोंद पुढीलप्रमाणें केली आहे: माधवनिदान, संस्कृत, त्रुटित, आदि-अंत नाहीं, पांडुरोगप्रकरणीं समासांत परहस्ताची मराठी टीप, औषधीमुळ्यांच्या नांवांसह, रोगनिश्चय करतां येत नाहीं.